सीएनजीच्या टाकीशेजारी उरलेल्या जागेत कोणता सबवूफर बसवावा?

आपल्या हॅचबॅकच्या डिकीत सीएनजीची टाकी बसवल्यानंतर एका कडेला बाहेरून मोजून 40 × 30 × 20 सेंटीमीटर एवढीच जागा उरली आहे, दुकानदार तिथे दहा इंची सबवूफर बसवून देण्यास तयार आहे, आणि आठ इंची घेतल्यास बेस कमी पडेल की काय, अशी आपली शंका आहे. माझे मत असे की या जागेत आठ इंची सबवूफरच घ्यावा आणि तोही पूर्ण बंद बॉक्समध्ये. मात्र कोणताही आठ इंची चालणार नाही. निवड इंचांवरून न करता सोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकातील तीन आकड्यांवरून करावी लागेल.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. बाहेरून 24 लिटर भरणारा हा बॉक्स 18 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळ्यांचा) केला, तर आतील मापे 36.4 × 26.4 × 16.4 सेंटीमीटर उरतात आणि घनफळ येते जेमतेम 15.8 लिटर. त्यातून सबवूफरच्या मॅग्नेटने आणि सांगाड्याने व्यापलेली जागा वजा केली की हाती सुमारे 15 लिटर हवा राहते. विदेशी माहितीपत्रकांत बॉक्सचे माप घनफुटांत दिलेले असते. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर, त्यामुळे आपला बॉक्स अर्ध्या घनफुटाहून किंचित मोठा ठरतो. मोठ्या बॉक्समध्ये लाकडाच्या जाडीने फारसे बिघडत नाही. इथे मात्र तिने एक तृतीयांश जागा खाल्ली.

आता ते तीन आकडे. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत सबवूफरचा कोन, म्हणजे हवा ढकलणारा शंकूसारखा पडदा, ज्या कंप्रतेला स्वाभाविकपणे डोलतो ती कंप्रता. व्हीएएस म्हणजे ज्या हवेचा लवचीकपणा कोनला धरून ठेवणाऱ्या टांगणीइतका असतो तेवढ्या हवेचे घनफळ; टांगणी जितकी सैल आणि कोन जितका मोठा, तितका हा आकडा मोठा. क्यूटीएस हा आकडा मॅग्नेट आणि टांगणी मिळून कोनच्या डोलण्याला किती आवर घालतात ते सांगतो. तो जितका लहान, तितका आवर अधिक. बंद बॉक्समधील हवा स्प्रिंगसारखी कोनला मागे ढकलते, आणि बॉक्स जितका लहान तितकी ही स्प्रिंग कडक होते. एडगर व्हिलचर यांनी 1954 मध्ये याच हवेच्या स्प्रिंगचा उपयोग करून घरगुती स्पीकरचे खोके लहान करून दाखवले होते. परिणाम मोजण्याची रीत सोपी आहे: व्हीएएसला बॉक्सच्या घनफळाने भागावे, त्यात एक मिळवावा, वर्गमूळ काढावे, आणि त्या संख्येने एफएस व क्यूटीएस या दोघांनाही गुणावे. एफएसला गुणून बॉक्समधील कंप्रता येते. क्यूटीएसला गुणून आलेला आकडा, म्हणजे क्यू, 0.7 च्या आसपास असेल तर बेस सपाट आणि नेटका येतो. तो एकच्या वर गेला की बेस घुमू लागतो.

ही रीत मी शिकलो ती चूक करून. माझ्या पहिल्या गाडीत जवळजवळ एवढ्याच बॉक्समध्ये मी हौसेने दहा इंची सबवूफर बसवून घेतला होता. त्याचा व्हीएएस 55 लिटर, एफएस 30 हर्ट्झ आणि क्यूटीएस 0.55 होता. वरील रीतीने गुणक येतो 2.16, म्हणजे बॉक्समधील कंप्रता 65 हर्ट्झ आणि क्यू 1.19. याचा अर्थ 80 हर्ट्झच्या आसपास सुमारे सव्वादोन डेसिबलचा उंचवटा आणि त्याखाली झपाट्याने उतरण. ऐकायला कसे वाटे म्हणाल, तर डग्ग्यावर कोणतीही घुमार वाजवली तरी एकच सूर दणदणत असे, आणि ढोलपथकाच्या ध्वनिमुद्रणात टोल व थाप यांतला फरकच कळत नसे. दुकानात क्षणभर ऐकताना हेच भरदार वाटते, ही यातली गोम.

याउलट व्हीएएस 12 लिटर, एफएस 38 हर्ट्झ आणि क्यूटीएस 0.5 असलेला आठ इंची सबवूफर त्याच 15 लिटरमध्ये ठेवला, तर गुणक 1.34 येतो, कंप्रता 51 हर्ट्झ आणि क्यू 0.67. मोकळ्या हवेत वरचढ दिसणारा दहा इंची सबवूफर लहान बॉक्समध्ये आठ इंचीपेक्षा वरच्या कंप्रतेवरच अडकून पडला, हे आपल्या लक्षात आले असेल. सगळेच दहा इंची असे नसतात. कमी खोलीचे काही दहा इंची सबवूफर लहान बॉक्ससाठीच घडवलेले असतात, आणि गणित जुळत असेल तर तेही चालतील.

51 हर्ट्झ हा आकडा पाहून निराश होऊ नये. बंद बॉक्सचा आवाज त्या कंप्रतेखाली दर सप्तकाला 12 डेसिबल या दराकडे उतरत जातो, पण गाडीची बंद केबिन नेमके उलट काम करते. केबिनची लांबी 2.7 मीटर धरली, तर साधारण 63 हर्ट्झखाली ध्वनीची अर्धी तरंगलांबी तिच्यात मावत नाही, आणि तिथून खाली केबिनमधील दाब वाढत जातो. पत्रा, काचा आणि फटी यांमुळे ही वाढ पुस्तकी 12 डेसिबलएवढी पूर्ण मिळत नाही, तरी बंद बॉक्सची उतरण बरीचशी भरून निघते.

दुकानदार पोर्ट असलेला, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी नळी बसवलेला बॉक्स सुचवील. तो इथे नको. 15 लिटरच्या बॉक्सला 35 हर्ट्झवर आणण्यासाठी साडेसात सेंटीमीटर व्यासाची नळी घेतली, तर तिची लांबी सुमारे 67 सेंटीमीटर येते. बॉक्स आतून 36 सेंटीमीटर लांब! नळी दुमडून बसवली तरी ती स्वतःच तीन लिटर जागा खाईल. बारीक नळी घेतल्यास लांबी घटते, पण मग हवेची फुसफुस ऐकू येते.

लहान बॉक्सची किंमत मात्र कुठेतरी मोजावीच लागते. लहान बॉक्स, खोल बेस आणि कमी वीज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात, हा स्पीकर घडवणारे जोसेफ हॉफमन यांचा नियम आजही मोडलेला नाही. म्हणून आठ इंची सबवूफर कोनचा लांब हेलकावा सहन करणारा असावा आणि त्याला 250 ते 300 वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा) अ‍ॅम्प्लिफायर जोडावा. खोक्यावर ठळक छापलेल्या कमाल वॉटकडे लक्ष देऊ नये. 300 वॉट देताना कमी वीज वाया घालवणारा चांगला क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरही बॅटरीतून सुमारे 27 अँपिअर ओढतो, त्यामुळे वायर शुद्ध तांब्याची घ्यावी आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवावा. ही खटपट नको असेल, तर सीटखाली बसणारे, अ‍ॅम्प्लिफायरसह येणारे चपटे सबवूफर सोयीचे आहेत, पण खोल बेसची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

बॉक्स स्वतः करवून घेणार असाल, तर पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये 12 मिलिमीटरचा चांगला प्लायवूड पाहावा. आत एक आडवा टेकू दिल्यास तो पुरेसा ताठ राहतो आणि सुमारे अडीच लिटर हवा जास्त मिळते. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरल्यास बॉक्स आणखी थोडा मोठा असल्यासारखा वागतो. बॉक्सचा कोणताही स्क्रू टाकीच्या पट्ट्यांत किंवा गॅसच्या नळीजवळ मारू नये, पॉवरची वायर त्या नळीपासून दूर न्यावी, आणि टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचेल एवढी वाट ठेवावी. टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तेव्हा ती बाहेर काढण्यासाठी आधी हा बॉक्स काढावा लागेल. म्हणून तो चार नटबोल्टवर बसवावा आणि वायरला मध्ये कनेक्टर द्यावा.