नववा स्प्राइट आणि ७२ पिना

जुन्या कन्सोलसाठी स्वतः गेम बनवायचाय ना? मग पहिल्याच गेममध्ये दहा लेव्हल घालू नकोस, मित्रा. निन्टेन्डोच्या एनईएसला, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या त्या गेम कन्सोलला, रॅम अवघी २ केबी. पडद्यावरच्या आडव्या एका ओळीत ८ स्प्राइट (पात्रांची हलणारी छोटी चित्रं) मावतात, नववा गायब! म्हणूनच जुन्या गेममध्ये गर्दी झाली की पात्रं लुकलुकतात. दर फ्रेमला क्रम बदलून सगळ्यांना आळीपाळीने दाखवलेलं असतं. ही युक्ती आधी हातात बसव. कोड लिहायला सीसी६५ हा सी कंपायलर वापर, मेसेन या एम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली एनईएसवर) तपास, पण खऱ्या मशीनवरही चालवून बघ. तिथे सुरुवातीला रॅममध्ये काहीबाही कचरा असतो, तो आपणच साफ करायचा.

होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेल्या गेमची कॅसेट, विकत घेताना पिना मोज. एनईएसच्या कार्ट्रिजला (कॅसेटला) ७२, फॅमिकॉमच्या, म्हणजे त्याच्या जपानी भावंडाच्या, ६०. आपल्याकडच्या नव्वदीतल्या टीव्ही गेमच्या कॅसेटी बहुतेक ६० वाल्याच. हे न बघता मागवलेलं माझं पहिलं होमब्रू दोन वर्षं शोकेसमध्येच बसलं होतं.