कर्सिव्हचा हट्ट धरायचा का?

प्रश्न : मुलगा इंग्लिश मीडियमला तिसरीत आहे. टॅबवर भराभर टाइप करतो, पण कर्सिव्हची, म्हणजे इंग्लिश अक्षरं एकमेकांना जोडून लिहायची चाररेघी वही काढली की रडारड. अक्षरं जोडली नाहीत म्हणून बाई लाल शेरा मारतात. नवरा म्हणतो, पुढे कोण हाताने लिहिणारे, सोडून दे. काय करू?

उत्तर : ताई, दहावीचा मराठीचा पेपर आजही 80 मार्कांचा, तीन तासांचा आणि पेनानेच लिहायचा असतो, त्यामुळे हाताने लिहिणं एवढ्यात सुटत नाही हे मिस्टरांना सांगा. पण हाताने लिहिणं आणि कर्सिव्ह या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो नॉर्वेचा 2024 चा अभ्यास बघा ना, 36 कॉलेजच्या मुलांच्या डोक्याला सेन्सर लावले आणि लिहिताना मेंदूचे भाग टायपिंगपेक्षा जास्त एकमेकांशी जोडलेले दिसले. छान आहे, पण त्यात तुलना कर्सिव्ह आणि एका बोटाने केलेल्या टायपिंगची होती, कर्सिव्ह आणि सुट्या अक्षरांची नव्हतीच! फिनलंडने 2016 पासून कर्सिव्हची सक्ती काढली, उलट कॅलिफोर्नियाने 2024 पासून पहिली ते सहावीला ते परत आणलं, म्हणजे जाणत्यांचंही एकमत नाही.

माझं मत विचाराल तर अक्षर सुवाच्य हवं, वेग हवा आणि हात दुखायला नको, मग जोडलेलं असो की सुटं. कर्सिव्ह वाचता मात्र आलंच पाहिजे. आपली मोडी बघा, वर आधी सलग रेघ ओढून खाली बोरू फारसा न उचलता लिहायची लिपी, ती शाळेतून गेली आणि आता पेशवे दफ्तरातला कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो.

आधी त्याची पेन्सिल धरायची पद्धत बघा, मूठ आवळून धरत असेल तर रडणारच. मग ए ते झेड न घेता सी, ए, डी, जी हा गट एकत्र घ्या, कारण सगळ्यांची सुरुवात सारखीच वळते. रोज दहा मिनिटं, पानभर नको, आणि किराण्याची यादी त्याच्याकडूनच लिहून घ्या, मराठीत लिहिली तरी चालेल. बाईंना भेटून सांगा की प्रॅक्टिसच्या वहीत अक्षरं जोडण्याचा आग्रह ठेवा, पण ईव्हीएसच्या (परिसर अभ्यासाच्या) उत्तराचे मार्क त्यावरून कापू नका. बहुतेक बाई ऐकतात हो.