सेप्टिक टँकच्या कामात नवीन पोरांना कसं तयार करायचं आणि एकटं कधी सोडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातले एक गवंडी भाऊ संडासच्या टाक्या बांधतात. आता त्यांनी ट्रॅक्टरवर चालणारा सक्शन टँकर घेतला आहे आणि दोन पोरं हाताखाली ठेवली आहेत. आधी काय शिकवू आणि किती दिवसांत एकटं सोडू, असं त्यांनी विचारलं आहे.

दिवस मोजू नका, भाऊ. ‘हे काम आज होणार नाही’ असं ज्याला घरमालकाच्या तोंडावर कारणासकट सांगता येतं, तो पोरगा तयार झाला. पाईप लावता येणं, विटा रचता येणं हे सगळं त्याच्या आधी येऊन जातं. खाली जे लिहितो ते त्याच हिशोबाने, नाही म्हणण्याची कारणं कशी शिकवायची, असं वाचा.

पहिल्या दिवशी हातात थापी देऊ नका आणि पाईपही देऊ नका. टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने उतरायचं नाही, एवढंच शिकवा. मोबाईल पडला, सब्बल पडली, पाईप अडकला, तरी नाही. कारण नीट समजावा, नाहीतर तो तुमच्यासमोर पाळेल आणि माघारी उतरेल. टाकीतला हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी साचून राहतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, हा समज कित्येकांच्या जिवावर उठला आहे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने भडकतो, म्हणून झाकण उघडं असताना बिडी नाही आणि आत पाहायला काडी ओढायची नाही.

चार गॅस मोजणारं मीटर घ्या. झाकणं उघडून अर्धा तास सोडा, मग मीटर दोरीने वर, मध्ये आणि पाण्याच्या पातळीजवळ असं तीन ठिकाणी धरायला लावा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाईड १० पीपीएमच्या वर दिसला की माणसं मागे, वारा जिकडून येतो त्या बाजूला. मात्र आकडे चांगले आले म्हणून उतरायची परवानगी मिळत नाही. साय, म्हणजे मैल्यावर तरंगणारा घट्ट थर, बांबूने फोडली की खाली अडकलेला गॅस एकदम सुटतो आणि आधीचा आकडा खोटा ठरतो. म्हणून ढवळतानाही मीटर चालूच हवं.

आणि आत कोणी पडलाच तर? मागोमाग दुसऱ्याने उडी घ्यायची नाही. अशा घटनांत पहिल्याबरोबर त्याला काढायला गेलेलेही मरतात. ११२ आणि १०८ लावायचा, ब्लोअर असेल तर हवा सोडायची, लोकांना लांब ठेवायचं. हे महिन्यातून एकदा तोंडी विचारत जा.

तुम्ही बांधकामही करता म्हणून एक गोष्ट वेगळी सांगतो. नव्या, कधीच न वापरलेल्या टाकीतही माणसं दगावतात. स्लॅब टाकून आठ-पंधरा दिवस झाकण बंद असतं, आत पाणी साचलेलं असतं, सेंट्रिंगच्या फळ्या कुजू लागतात आणि आतला ऑक्सिजन संपतो. बिगारी सेंट्रिंग काढायला उतरतो आणि तिथेच पडतो. त्यापेक्षा वरून तयार सिमेंटचे ढापे बसवा, आत सेंट्रिंग राहूच देऊ नका.

कायदाही पोरांना माहीत असू द्या. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार माणसाला टाकीत असुरक्षितपणे उतरवून सफाई करून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घरमालक ‘शंभर रुपये जास्त देतो, उतर’ म्हणाला तर पोराने हाच कायदा सांगायचा.

दुसरी शिकवण मातीची. आपल्याकडे निम्मी कामं इथेच बिघडतात. शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, काळ्या मातीत चालेल की नाही, हे डोळ्यांनी ठरत नाही, पाणी मुरवून पाहावं लागतं. शोषखड्डा जितका खोल जाणार तितका खोल, फूटभर रुंद खड्डा घ्यायला लावा. कुदळीने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडायच्या, नाहीतर चिकण थरातून पाणी जातच नाही. तळाला ५ सेंमी जाड रेती, वर ३० सेंमी पाणी, आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी रेतीवर १५ सेंमी पाणी ठेवून अर्ध्या तासात किती उतरलं ते मोजायचं आणि त्यावरून २.५ सेंमी उतरायला किती मिनिटं लागतात ते काढायचं. अर्ध्या तासात ४ सेंमी उतरलं तर दर साधारण १९ मिनिटांचा, म्हणजे शोषखड्डा चालेल. दीडच सेंमी उतरलं तर ५० मिनिटं, म्हणजे शोषखड्डा नको, लांब उथळ चर काढायचा. ६० च्या वर गेलं की मातीत मुरवण्याचा विचारच सोडायचा आणि गिट्टीच्या फिल्टरकडे वळायचं.

एप्रिल-मेमध्ये मात्र ही चाचणी फसवते. काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, पाणी त्यांतून घटाघटा जातं आणि पोरगा म्हणतो, जमीन मस्त आहे. मृगाचा पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि जुलैत संडासचं भांडं भरून वर येतं. उन्हाळ्यात भेगा बंद होईस्तोवर खड्ड्याला पाणी पाजा, रात्र कमी पडली तर दोन रात्री. उलट मुरूम किंवा फुटका काळा दगड लागला आणि पाणी झपाट्याने गेलं, तर तेही खूश होण्यासारखं नाही. ते न गाळताच विहिरीकडे निघालेलं असतं. पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर अंतर हा नियम आहे, फुटक्या दगडात मी त्याहून बरंच जास्त धरायला सांगेन. भादव्यात विहिरीचं पाणी कुठवर चढतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायची सवय पोरांना लावा. खारपाणपट्ट्यात काम घेतलं, तर काँक्रीट कालवायला गोडंच पाणी लागतं, एवढं लक्षात असू द्या.

आता टाकी. पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, एक मीटर पाण्याची खोली आणि वर ३० सेंमी मोकळी जागा, यापेक्षा लहान नको. लोक भली मोठी टाकी मागतात आणि बाहेरचा पाईपच काढू नका म्हणतात. मग ते सेप्टिक राहत नाही, नुसता साठवणीचा हौद होतो. दोन हजार लिटरच्या वरच्या टाकीला आत भिंत घालून दोन भाग करायचे, पहिला दोन तृतीयांश लांबीचा.

पोरांच्या हातून चुका होतात त्या पाईपच्या पातळीत. बाहेर जाणारा पाईप आत येणाऱ्यापेक्षा ५ सेंमी खाली हवा. लेव्हलची नळी पोराच्याच हातात द्या, त्यालाच पाणी भरू द्या, आणि नळीत एक बुडबुडा मुद्दाम राहू द्या. दोन्ही टोकांना एकदा माप घ्यायचं, मग नळी झटकून बुडबुडा काढून पुन्हा घ्यायचं. आकड्यांतला फरक स्वतः पाहिला की तो पुढे बुडबुड्यासकट माप घेणार नाही. दोन्ही पाईपना टी (तीन तोंडांचा जोड) लावायचा, एल्बो (कोपराचा जोड) नाही. टीचं खालचं तोंड पाण्यात ३० सेंमी बुडलेलं असतं, म्हणून वरची साय बाहेर जात नाही. वरचं तोंड उघडं असतं, त्यातून गॅस सुटतो आणि तुंबलं तर तिथूनच गज घालता येतो. म्हणून प्रत्येक टीच्या बरोब्बर वर झाकण ठेवायचं. गिलावा झाला की टाकी पाण्याने भरून एक दिवस मुरू द्या, पुन्हा काठोकाठ भरा आणि दुसऱ्या दिवशी पातळी बघा. उतरली तर मातीभराव करायचा नाही.

उपसणीत पहिला प्रश्न हा, की उपसायची गरज आहे का. लांब बांबूला खालून मीटरभर पांढरं कापड घट्ट गुंडाळा, टीजवळून हळूच तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं धरा आणि सरळ वर काढा. खाली काळा चिकट पट्टा उमटतो, तो गाळ. त्यावर कापड नुसतं मळकट ओलं असतं, ते पाणी. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेली की उपसा, नाहीतर पैसे न घेता परत या. पोराला हे तुमच्यासमोर दोन-चार वेळा मालकाला सांगू द्या. उपसायची आहे ती टाकी आहे की शोषखड्डा, तेही त्याने आधी ओळखलं पाहिजे. रिंगांचा किंवा जाळीदार विटांचा शोषखड्डा असेल तर जोराने ओढल्यावर कडा आत ढासळू शकतात.

टँकरवर सगळ्यात आधी पीटीओचा शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनावरून पंप फिरवणारा दांडा. मिनिटाला ५४० फेरे फिरतो. डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक त्यात गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. शाफ्टवर कव्हर नसेल तर गाडी निघायची नाही. मग व्हॅक्यूम दाखवणारं गेज वाचायला शिकवा. काटा वर गेला आणि काचेत पातळी हलत नाही, म्हणजे पाईप चोक झाला, बहुतेक वेळा कापड किंवा सॅनिटरी पॅड. आधी व्हॅक्यूम सोडा, मगच कपलिंग उघडा. काटा चढतच नाही, म्हणजे कुठेतरी हवा ओढतो आहे. कपलिंगचं वॉशर बघा. पंपाचं तेल रोज सकाळी. टाकीतला मैला पंपात गेला तर आतल्या पात्या जातात, म्हणून तो अडवणारा गोळ्याचा व्हॉल्व्ह साफ ठेवणं हे एकाच पोराचं नेमून दिलेलं काम असू द्या.

पाईप वरच धरला की टँकर पाण्याने भरतो आणि गाळ तसाच राहतो. साय फोडून पाईप गाळापर्यंत न्यायचा, घट्ट असेल तर थोडं पाणी उलटं सोडून ढवळायचं. तळाला दोन-चार सेंमी गाळ राहू द्यायचा, त्यातल्या जंतूंवर टाकी पुन्हा चालू होते. मग लगेच साधं पाणी भरायचं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या भागात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. तिथे रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, खालून उचलली जाते. जुलै ते सप्टेंबर तिथे पूर्ण उपसू नका.

भरलेला टँकर कुठे रिता करायचा, हे ठरल्याशिवाय काम घेऊ नका. जवळच्या नगरपरिषदेचा मैला गाळ प्रक्रिया प्रकल्प किंवा ग्रामपंचायतीने लेखी दिलेली जागा. नाला नाही आणि वावरही नाही. सांडलं तर चुना टाका आणि धुवा.

पोरांना पहिल्या दिवसापासून मजुरी द्या. धनुर्वात, हिपॅटायटिस आणि टायफॉईडच्या लसी, कोपरापर्यंतचे हातमोजे, गमबूट, चष्मा तुमच्या खर्चाने. सफाई कामगारांसाठीच्या केंद्राच्या नमस्ते योजनेत नाव नोंदवलं तर किट आणि आयुष्मान कार्डाचा लाभ मिळतो, नगरपरिषदेत विचारा. आणखी एक मनापासून सांगतो. आपल्याकडे हे काम ठरावीक जातींच्या माथी मारलं गेलं. तुमच्याकडे मापं काढणं, बिल लिहिणं, पाईप धुणं सगळ्यांनी आळीपाळीने करावं, तुम्हीही.

सोडायच्या आधी उलटं करून बघा: पोराने सांगायचं आणि तुम्ही नुसते हात चालवायचे. तो विसरला तर आठवण देऊ नका, थांबा. त्याला कुठे अडखळायला होतं ते तिथेच दिसतं. पहिलं एकट्याचं काम हिवाळ्यातलं घ्या, गाडी टाकीपर्यंत जाईल असं, दोन्ही झाकणं मोकळी असलेलं. एकट्याचं म्हणजे तुमच्याशिवाय. झाकण उघडताना माणसं दोन तरी हवीतच, एक पाईपवर आणि एक फक्त त्याच्याकडे बघणारा.