टेट्राडिमाइटाचा ‘कस’ करडा कसा?

जळगावच्या भूविज्ञानाच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, टेट्राडिमाइट या बिस्मथाच्या दुर्मिळ खनिजाच्या वर्णनात ‘पाटन उत्कृष्ट, कस करडा’ असे शब्द आले आहेत. परंतु सराफ बाजारात कस म्हणजे सोन्याची शुद्धता आणि शेतात कस म्हणजे जमिनीचा जोम, मग कसाला रंग कसा असू शकेल? ‘पाटन’ हे ‘पाटण’ असे लिहावे का, अशीही त्यांची शंका आहे.

‘कस’ हा शब्द संस्कृतातील ‘कष्’ म्हणजे घासणे या धातूकडे जातो, आणि ‘निकष’ व ‘कसोटी’ हे शब्दही त्याच कुळातले आहेत. सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासतो तेव्हा जी रेघ उमटते, तिच्या रंगावरून सोन्याची पारख होते. म्हणून परीक्षेचे नाव गुणाला मिळाले आणि पुढे ते काळ्या कसदार जमिनीपर्यंत पोचले, असे मला वाटते. खनिजशास्त्रातला कस मात्र त्या रेघेपाशीच थांबला आहे. झिलई नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर खनिज घासले असता भुकटीची जी रेघ उमटते, तिचा रंग म्हणजे त्या खनिजाचा कस. तेव्हा हा अर्थ परका नसून, जळगावच्या सराफाच्या हातातला अर्थच त्याच्या अगदी जवळचा आहे. खनिजाचा वरवरचा रंग फसवतो, कस सहसा फसवत नाही: पायराइट सोन्यासारखे पिवळे दिसते, पण त्याचा कस हिरवट काळा येतो, तर खऱ्या सोन्याचा कस पिवळाच राहतो.

टेट्राडिमाइट हे बिस्मथ, टेल्युरियम आणि गंधक यांचे संयुग असून त्यात वजनाने सुमारे ५९ टक्के बिस्मथ असते. रंग फिकट पोलादी करडा, चमक धातूसारखी, विशिष्ट गुरुत्व ७ हून अधिक, म्हणजे हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड. कठिनता केवळ १.५ ते २ असल्यामुळे नखानेही ओरखडा पडतो आणि कागदावर घासले तर पेन्सिलीसारखी खूण उमटते.

आता ‘पाटन’. हा शब्द संस्कृत ‘पाटयति’, म्हणजे फाडतो किंवा चिरतो, या क्रियापदावरून आला आहे आणि त्यात णकार होण्यास कारणीभूत ठरणारा र, ष किंवा ऋ नाही, म्हणून ‘न’च बरोबर. चाळीसगावजवळचे पाटण, जिथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे, ते ‘पत्तन’ म्हणजे नगर या शब्दाचे मराठी रूप. दोन्हींचा काही संबंध नाही. पाटन म्हणजे खनिज ठरावीक दिशेने सपाट पृष्ठे देत फुटणे. वेडेवाकडे फुटणे ते भंजन, आणि हा भेद वर्णन लिहिताना काटेकोरपणे पाळायला हवा. टेट्राडिमाइटात टेल्युरियम, बिस्मथ, गंधक, बिस्मथ, टेल्युरियम असे पाच थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पण अशा दोन गठ्ठ्यांमधला बंध दुबळा असतो. त्यामुळे केळीच्या खांबाची सोपटे सुटावीत तसे त्याचे पातळ पापुद्रे एकाच दिशेने सुटतात, आणि ते वाकवताही येतात.

खनिजाचे नाव ग्रीक ‘टेट्राडिमोस’, म्हणजे चौपट, यावरून हायडिंगर या खनिजशास्त्रज्ञाने १८३१ साली दिले, कारण त्याचे स्फटिक कधी कधी चार-चार जुळलेले आढळतात. ‘टेट्रा’ आणि आपला ‘चतुर्’ एकाच मूळ शब्दाची रूपे असल्यामुळे हे नाव मला विशेष प्रिय आहे. तरीही मराठीत नवे नाव घडवू नये, टेट्राडिमाइटच लिहावे. ते स्लोव्हाकियातील झुपकोव्ह येथे प्रथम ओळखले गेले, स्वीडनमधील बोलिडेन येथेही आढळले आहे, आणि ते बहुधा उष्ण द्रावांतून साचलेल्या क्वॉर्ट्झच्या शिरांमध्ये, अनेकदा सोन्याच्या सोबतीने असते. खानदेशच्या बेसाल्टातील पोकळ्यांत शोधण्याचे हे खनिज नव्हे.

दोन्ही शब्द हाताने पडताळायचे असतील तर जळगाव परिसरातल्या खाणींत मिळणारे अ‍ॅपोफिलाइट घ्यावे: एकाच दिशेचे उत्कृष्ट पाटन, त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक, आणि स्फटिक हिरवा असो वा रंगहीन, कस पांढराच.