वाचक विचारतात : बातमीदाराचा झाला प्रमुख

प्रश्न : फ्रित्स प्लाइटगेन हे जर्मन टीव्हीचे बातमीदार पुढे एका मोठ्या प्रसारणसंस्थेचे प्रमुख झाले, असं वाचलं. ही नेमणूक सरकार करतं का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. प्लाइटगेन ज्या संस्थेचे प्रमुख झाले, त्या कोलोनच्या 'डब्ल्यूडीआर'चा प्रमुख, तिकडच्या भाषेत 'इंटेंडंट', निवडतं ते प्रसारण मंडळ. त्यात चर्च, कामगार संघटना, मालक संघटना, क्रीडासंस्था अशांचे प्रतिनिधी बसतात. राजकारणीही असतात, पण सरकार आणि सरकारशी जवळीक असलेल्यांची संख्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये, असा जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. पैसाही अर्थसंकल्पातून येत नाही. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो वर्गणी भरावी लागते, घरात टीव्ही असो वा नसो. आपल्याकडे प्रसार भारती कायद्याने स्वायत्त खरी, पण तिजोरीची किल्ली दिल्लीतच, त्यामुळे हा फरक चटकन ध्यानात येत नाही.

प्लाइटगेन १९६३ मध्ये 'डब्ल्यूडीआर'मध्ये आले. १९७० पासून मॉस्को, १९७७ पासून पूर्व बर्लिन, १९८२ पासून वॉशिंग्टन. १९८८ मध्ये परत येऊन टीव्हीचे मुख्य संपादक, १९९४ मध्ये रेडिओचे संचालक आणि १९९५ ते २००७ इंटेंडंट. म्हणजे खुर्चीत बसण्याआधी टीव्ही आणि रेडिओ दोन्हीकडचं काम हाताखालून गेलेलं. आमच्या मते कारकिर्दीतली हीच कळीची गोष्ट. संसदेची चर्चा सलग दाखवणारी 'फिनिक्स' वाहिनी १९९७ मध्ये सुरू झाली, ती त्यांच्याच काळात.

प्रश्न : पूर्व जर्मनीत राहून पश्चिमेकडच्या टीव्हीसाठी बातमी द्यायची म्हणजे नेमकी अडचण काय? भाषा तर एकच. – एक वाचक, निपाणी

उत्तर : भाषा एक, म्हणूनच अडचण : बोललेलं दोन्हीकडे समजतं. प्लाइटगेन यांच्या आधीचे बातमीदार लोथर ल्योव्ह यांना डिसेंबर १९७६ मध्ये हाकलून दिलं गेलं. सीमेवर माणसांवर सशांसारख्या गोळ्या झाडतात, असं ते कॅमेऱ्यासमोर बोलले होते. १९७९ मध्ये पूर्व जर्मन सरकारने नियम आणखी आवळले : मुलाखत घ्यायची तर आधी परवानगी, पूर्व बर्लिनबाहेर जायचं तर आधी कळवायचं. आता रस्त्यात एखाद्याला माईक धरला, तर बातमीदाराचं काय व्हायचं ते होईल, पण त्या बोलणाऱ्याची पंचाईत. अशा वेळी चित्र बाजार-रांगेचं आणि शब्द बातमीदाराचे, हाच मार्ग उरतो.

शिवाय पाहणारे तिकडचेही होते. सांगलीचं आकाशवाणी केंद्र आपल्या सीमाभागात लागतं, तसेच पश्चिमेचे कार्यक्रम पूर्वेत लागत. अँटेना मात्र पश्चिमेकडे वळवायला हवा. पश्चिमेची रंगीत पद्धत 'पाल', पूर्वेची 'सेकाम'. त्यामुळे पाल डिकोडर नसलेल्या संचावर चित्र दिसे, पण कृष्णधवल. ड्रेस्डेन सखल आणि दूर असल्याने तिथे काही पोचतच नसे. त्या भागाला लोक 'बेखबरांचं खोरं' म्हणत!

प्रश्न : बेळगावात पत्रकारिता शिकते. 'डॉयचे वेले'मध्ये कसं जाता येईल? – एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : 'डॉयचे वेले' ही परदेशातल्या श्रोत्या-प्रेक्षकांसाठीची जर्मन प्रसारणसंस्था. तिथे मराठी विभाग नाही, हिंदी, बंगाली, तमिळ, उर्दू आहेत. म्हणजे हिंदीत बातमी झरझर लिहिता यायला हवी. जर्मन पुण्यात किंवा बंगळूरला गटे संस्थेत शिका. ए-१ या पहिल्या पायरीवर बरेच जण थांबतात. त्यावर दुकानात ब्रेड घेता येतो, बातमी वाचून समजत नाही. निदान बी-२ ही चौथी पायरी गाठा. 'डॉयचे वेले'चे प्रशिक्षणवर्ग असतात, त्यांच्या अटी दर वेळी तपासून अर्ज करा.