सुट्ट्या पैशांत जुनं किंवा परदेशी नाणं आलं तर काय करावं? खरंच लाखात विकलं जातं का?

लाखात नाही विकलं जात. एवढंच लिहून सोडणार होतो, पण तुम्ही प्रश्नाखाली नाण्याच्या फोटोबरोबर जे टाकलंय ना, "दुकानदाराने न बघता दिलं म्हणजे आता ते आपलंच, बरोबर ना?", ते वाचून राहवलं नाही. आमच्या घरात ह्याच एका वाक्यावरून तीस वर्षं होत आली भांडण चालू आहे, तेही चाराण्यावरून. चाराणे म्हणजे खरोखरचे चाराणे, उगाच म्हणायचे म्हणून नाही.

माझं किराणा दुकान आहे, चोपडा तालुक्यात, वडिलांनी टाकलेलं. सगळं आयुष्य गल्ल्यावर गेलं त्यामुळे चिल्लर मोजताना बघावं लागत नाही, हात आणि कान काम करतात. स्टीलचं नाणं फळीवर टाकलं की टप् करून गप्प होतं, चांदीचा आवाज थोडा वेळ मागे रेंगाळतो. परदेशी म्हणाल तर आमच्या गावातला एक पोरगा दुबईला एसीच्या कामाला आहे, तो सुट्टीवर येऊन गेला की आठवडाभर किटलीवाली नाणी फिरतात. तो दिरहम. त्यावर अरबी कॉफीची किटली असते आणि लोक त्याला रुपया समजून खपवतात. एक दिरहम वीस रुपयांच्या वर आहे, म्हणजे खपवणाराच बुडतो, पण घेणाऱ्याला तरी काय उपयोग, एक्स्चेंजवाले नोटा घेतात, चिल्लर सहसा कोणी घेत नाही. हजवरून आलेल्या लोकांकडून सौदीचे हलाला येतात, त्यावरचे आकडे अरबी आणि साल हिजरी. माझ्याकडे बरणीत आहेत अशी शंभरेक तरी. नातवंडं खेळतात.

आणि एक गंमत सांगतो, आपलंच नाणं पण फॉरेनचं असू शकतं. १९८५ चा रुपया मिळाला तर सालाखाली बघा, एच असेल तर तो इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाडलेला आहे, कारण तेव्हा आपल्या टांकसाळींना काम आवरत नव्हतं. एरवी सालाखाली चौकटीच्या इक्क्यासारखा हिरा असला तर मुंबई, तारा हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. एच दिसला म्हणून उड्या मारू नका, तसले ढीगभर आहेत.

आता चाराण्याचं.

१९९५ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. अण्णा म्हणजे आमचे वडील जेवायला गेलेले, गल्ल्यावर मी, दादा मागे पोती रचत होता. आखाजीला आमच्याकडे पत्ते चालतात, मोठ्यांचे नोटांवर आणि पोरांचे चिल्लरीवर, त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांत पोरांच्या चड्डीच्या खिशातून काय निघेल सांगता येत नाही. एक सात-आठ वर्षांचा पोऱ्या आला, चाराणे फळीवर ठेवले, लिमलेटच्या गोळ्या मागितल्या. त्या वेळी गेंड्याचे स्टीलचे चाराणे चालायचे. आकार तोच, वजन हाताला तेवढंच, ऊन एवढं की डोळे उघडत नव्हते. मी गोळ्या दिल्या, नाणं गल्ल्यात टाकलं आणि आवाज चुकला.

परत बाहेर काढलं. काळपट. मुकुट घातलेला राजा, मागे १९१४ आणि उर्दू अक्षरं. पंचम जॉर्जची चांदीची पावली, म्हणजे इंग्रजांच्या काळातले चाराणे. मुकुटाच्या खाचांमध्ये हळद गच्च बसलेली, गालावर कुंकवाचा वाळलेला ठिपका, आणि कडेला तांदळाची एक कणी चिकटलेली, अक्षतांची. म्हणजे हे कोणाच्या देव्हाऱ्यातून आलंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. पोऱ्या तोवर पळालेला. मी म्हटलं ह्याची आजी त्या मागच्या गल्लीतली, नेऊन देतो. दादाने नाणं माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाला, गल्ल्यात आलं ते आपलं. पोऱ्याला परत देशील तर पत्त्यात घालवेल, आजीला देशील तर पोऱ्या मार खाईल, त्यापेक्षा राहू दे.

हे त्याचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, तीच खरी अडचण आहे. दादा कधीच उघड वाईट बोलत नाही.

घरी नेऊन त्याने ते चिंचेच्या कोळात टाकलं आणि संध्याकाळी चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासलं. आई ओरडली की देवाचं आहे रे ते, तरी घासलं. रात्री दिव्याखाली असं चमकत होतं की काल पाडलंय. हळद गेली, कुंकू गेलं, कणी गेली.

तिसऱ्या दिवशी ती म्हातारी आली. पदराने घाम पुसत फळीला टेकली आणि म्हणाली, "भाऊ, मनी पावली उनी का रे तुमना दुकानमा? देव्हारामा व्हती, सापडी नही राहिनी." मी दादाकडे बघितलं. मला वाटलं आता हा नाही म्हणून टाकेल. पण दादाने सरळ खिशातून पावली काढली आणि तिच्यासमोर धरली, "ही का माय?" म्हातारीने हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, दोनदा उलटीपालटी केली आणि परत दिली. "ही नही रे भाऊ. मनी ते कायी व्हती, हयद लागेल." म्हणजे तिची काळी होती, हळद लागलेली.

आणि गेली.

तेव्हापासून आजपर्यंत दादाचं एकच पालुपद, "मी तर दाखवली होती, तिनेच नाही म्हटलं." खरं आहे. दाखवली होती. गावात कोणालाही सांगितलं तर लोक म्हणतात मग दादाचं काय चुकलं. मी म्हणतो ओळख पुसून टाकायची आणि मग ओळख पटव म्हणायचं ह्याला दाखवणं म्हणत नाहीत. आणि हो, मी पण तिथेच उभा होतो आणि तोंडातून शब्द काढला नाही, हे दादा दर वेळी काढतो, काढू दे.

वाटणी झाली तेव्हा दुकान मला आलं, शेत दादाला, आणि पावली त्याच्याच खिशात राहिली, ती वाटणीत धरलीच नाही कोणी. दादा जळगावला राहायला गेला. लॉकडाऊनमध्ये त्याला मोबाईलवर जाहिरात दिसली, जुनी नाणी विका, लाखो कमवा. ह्याने पावलीचा फोटो पाठवला. समोरचा म्हणे साडेतीन लाख. आधी रजिस्ट्रेशनचे साडेआठशे, मग जीएसटीचे म्हणून काही हजार, मग बँकेचा कसला तरी चार्ज. एकूण सव्वानऊ हजार गेले आणि फोन बंद. ही आमच्या घरची गोष्ट, पण असं इतक्या लोकांचं झालं की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात नाही, आमच्या नावाने कोणी फी किंवा कमिशन मागत असेल तर देऊ नका. म्हणून तुम्हाला सांगतो, जो आधी पैसे मागतो तो चोर. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही, एवढं साधं आहे ते.

तीच गत वैष्णोदेवीच्या नाण्याची. ५ आणि १० रुपयांची ती नाणी देवस्थान बोर्डाच्या पंचवीस वर्षांनिमित्त काढलेली, २०१२ साल छापलेलं, त्याचे लाख देतो म्हणणारे व्हिडिओ अजून फिरतात. माझ्या गल्ल्यात आली आणि गेली, १० ला १०. आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि मागे रामदरबार किंवा हनुमान असलेलं तांब्याचं काही दाखवायला आणलं तर हसून परत द्या, कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, ती टोकनं आहेत. ते चमत्कारी आहे, तांदूळ आपोआप स्वतःकडे ओढतं म्हणणाऱ्याला तर दुकानात उभं करू नका.

तर, गेल्या वर्षी दादाच म्हणाला चल दाखवू कोणाला तरी. जळगावला जुनी नाणी घेणारा एक जण गाठला. त्याने भिंग लावलं आणि आधी राजाच्या छातीवरचा झगा बघायला लागला. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणे हत्ती. १९११ ला पंचम जॉर्जची पहिली नाणी आली तेव्हा झग्यावरच्या हत्तीची सोंड अशी आखूड दिसायची की लोकांना ते डुक्कर वाटलं. भयंकर बोंब झाली, सरकारला नाणी मागे घ्यावी लागली आणि १९१२ पासून सोंड नीट दाखवून नवी पाडली. त्यामुळे १९११ च्या नाण्याला थोडा भाव असतो. आपली १९१४ ची, म्हणजे हत्ती व्यवस्थित पाहिजे. त्याने भिंग फिरवलं, नाणं तिरकं केलं, उजेडात नेलं. हत्तीच नव्हता. सोंड नाही, डुक्कर नाही, झगा सपाट. तो म्हणाला, "हे कोणी घासलं हो?"

मी म्हटलं, ह्यांनीच.

पावणेतीन ग्रॅम भरली. चांदीच्या भावात घेतो म्हणाला, वर काही नाही. काळी असती, अगदी हळदीसकट असती तरी दोन पैसे जास्त दिले असते, काळेपणाच जुनेपणाची खूण असते म्हणे. म्हातारीला जे कळत होतं तेच त्याने भिंग लावून सांगितलं. परतीच्या एसटीत मी हे मनात किती वेळा घोळवलं ते विचारू नका.

त्यामुळे माझं ऐकाल तर नाणं घासू नका. चिंच नाही, राख नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट तर नाहीच. कागदात गुंडाळून ठेवा. जुनं दिसलं म्हणून चांदी समजू नका, १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली आणि १९४६ ला सरळ निकेल आलं. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मधला, लढाईत धातू वाचवायला भोक पाडलं, तो आमच्याकडे अजून घरोघरी सापडतो, त्याचे कोणी फार देत नाही. अॅल्युमिनियमची पाच-दहा पैशांची नाणी तर आजीच्या डब्यात किलोने आहेत. चाराणे आणि त्याखालचं सगळं ३० जून २०११ पासून बंद झालं, आठाणे मात्र कायद्याने अजून चालू आहेत, दुकानदार घेत नाहीत हा भाग वेगळा, मी पण घेत नाही. आणि दहाचं नाणं बंद झालं म्हणून आमच्या भागात मधे जो गोंधळ होता तो निव्वळ अफवा, २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने चौदाच्या चौदा डिझाइनं चालतात म्हणून सांगितलंय.

हे सगळं खिशात आलेल्या नाण्याबद्दल बरं का. शेतात नांगराला हंडा लागला तर ते प्रकरण वेगळं, त्याला १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वर माल असला तरी कलेक्टरला कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांच्या वरचं नाणं फॉरेनच्या माणसाला परस्पर पोस्टाने वगैरे पाठवू नका, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

आणि न बघता दिलं तर ते आपलंच का, ह्याचं उत्तर मी देणार नाही, कारण मला ते देता आलं असतं तर १९९५ लाच दिलं असतं. तुम्ही एकदा त्या दुकानदाराला नेऊन दाखवा, जसं आलं तसं, न धुता. तो नको म्हणाला तर ठेवा. दादा, हे कोणी तुला वाचून दाखवेलच, तर "जसं आलं तसं" हे दोनदा वाच.

म्हातारी दोन हजार सालाच्या आसपास गेली. तो पोऱ्या आता केळीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, रावेरहून दिल्लीला माल नेतो, जाताना माझ्याकडून तंबाखू घेतो. दिवाळीनंतर एकदा त्याला सगळं सांगितलं. त्याला गोळ्या आठवत नव्हत्या, आजीने झाडूने हाणलं ते आठवत होतं. म्हणाला, "काका, चाराणे दिले, चाराण्याच्या गोळ्या घेतल्या, हिशोब तर बरोबरच झाला ना." मी दादाला फोन केला की पावली ह्याला देऊन टाक. दादा म्हणे देतो की, चांदीच्या भावाने घे. अजून बोलणं चालू आहे.

हां, तुमच्या फोटोतल्या नाण्याचं राहिलंच. त्यावर २०५१ साल छापलंय म्हणून तुम्हाला ते मिसप्रिंट वाटतंय आणि मिसप्रिंटला जास्त पैसे मिळतात असं कोणीतरी सांगितलंय. वर बारीक अक्षरात "श्री ५ वीरेन्द्र" लिहिलंय ते वाचा. नेपाळचा रुपया आहे, साल विक्रम संवताचं, म्हणजे आपलं १९९४-९५. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे, हा दर वर्षानुवर्षं तोच आहे. तेव्हा दुकानदाराने रुपया म्हणून साधारण बासष्ट पैशांचं नाणं देऊन तुम्हाला अडतीस पैशांना टोपी घातली आहे, एवढाच मामला आहे.