सासऱ्यांना त्या भिंतींचं काय सांगू?

प्रश्न : ताई, एप्रिलमध्ये आम्ही पाच जण भूतानला निघालोय. मी, नवरा, सासरे (वय ७३), सासूबाई (६८) आणि दहा वर्षांची लेक. पाच रात्री आहेत. तीन गोष्टी विचारायच्यात. सगळ्यांची आधार कार्डं आहेत, ती चालतील ना? कड्यावरच्या वाघिणीच्या मठापर्यंत सासरे चढतील का? आणि तिसरं विचारायला जरा अवघडल्यासारखं होतंय. नणंद तिकडे जाऊन आली. ती म्हणाली, तिथे घरांच्या भिंतींवर पुरुषाचं लिंग रंगवलेलं असतं, चांगलं दाराएवढं! सासरे सोबत, लेक सोबत. त्यांना काय सांगू?

उत्तर : तिसऱ्यापासूनच सुरू करते, कारण पत्र तुम्ही त्याच्यासाठीच लिहिलंय.

नणंदबाई खरं बोलल्या. पुनाखाच्या बाजूला गेलात की दिसेलच. पांढऱ्या भिंतीवर, दाराच्या दोन्ही अंगांना, गुलाबी रंगाचं, वर रिबिनीची गाठ मारलेलं. काही घरांच्या छपराच्या कोपऱ्यांतून लाकडाची लटकत असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गाडीत आम्ही सहा बायका होतो आणि सहाही जणी एकदम खिडकीबाहेर डोंगर बघायला लागलो. पुढे बसलेला पोरगेला गाइड आपला शांतपणे सांगत होता, ‘घराला नजर लागू नये, लोकांनी पाठीमागे वाईट बोलू नये, म्हणून काढतात.’ लाज वाटत होती ती फक्त आम्हाला.

या सगळ्याच्या मागे एक अवलिया आहे, द्रुक्पा कुनले. १४५५ साली तिबेटमध्ये जन्मला, भूतानभर भटकला. दारू प्यायचा, चावट गाणी म्हणायचा आणि सोवळेपणाचा आव आणणाऱ्या भिक्षूंची भर सभेत फजिती करायचा. लोक त्याला ‘दैवी वेडा’ म्हणतात आणि संतही मानतात. दोचुला खिंडीत एक राक्षसी वाटसरूंना छळायची. तिला त्यानं आपल्या ‘वज्रानं’ वठणीवर आणलं. वज्र म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पळताना तिनं कुत्र्याचं रूप घेतलं, त्यानं तिला टेकडीखाली गाडलं आणि ‘आता कुत्रा नाही’ म्हणाला. त्यावरून तिथल्या देवळाचं नाव चिमी ल्हाखांग पडलं, असं सांगतात. १४९९ सालचं देऊळ आहे हे.

तिथे जाच. सोपसोखा गावातून शेताच्या बांधानं वीसेक मिनिटांची वाट आहे. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो, भात पिवळं पडलं होतं. आत अंधार, लोण्याच्या दिव्यांचा वास. मूल होत नाही म्हणून आलेली जोडपी होती आणि मूल झालं म्हणून नाव ठेवायला आलेलीही. भिक्षू प्रत्येकाच्या डोक्याला धनुष्यबाण लावतो आणि मग वीतभर लांबीचं एक लिंग. माझी पाळी आली तेव्हा मी गाइडला म्हटलं, ‘यांना सांग, माझं वय अठ्ठावन्न, मला नको.’ त्यानं भाषांतर केलं. म्हातारे भिक्षू खळखळून हसले आणि दोनदा टेकवलं! शेजारी एक आई सहा महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती. तिच्या बाळाला नाव मिळालं, किनले. त्या भागात किनले आणि चिमी नावाची पोरं पावलोपावली भेटतात.

सासऱ्यांना हे एवढंच सांगा, कुनलेच्या गोष्टीसकट. पोथ्या वाचणारे असतील तर ते तुम्हालाच चार अवलियांच्या गोष्टी ऐकवतील. लेकीला ताकिनची गोष्ट सांगा. लोकांनी कुनलेला म्हटलं, चमत्कार दाखव. तो म्हणाला, आधी एक अख्खी गाय आणि एक अख्खी बकरी जेवायला आणा. सगळं खाऊन झाल्यावर बकरीचं डोकं गाईच्या सांगाड्यावर ठेवलं, म्हणाला, ऊठ, आणि जनावर उठून चरायला गेलं. तोच ताकिन, भूतानचा राष्ट्रीय प्राणी. थिंफूत मोतीथांगला बघायला मिळतो आणि खरंच तसाच दिसतो, चुकीचं डोकं बसवल्यासारखा. भिंतींबद्दल तिनं विचारलंच, तर ‘इथले लोक याला शुभ मानतात’ एवढं दहा वर्षांच्या मुलीला पुरतं. मोठी माणसं कुजबुजायला लागली की मुलांचं कुतूहल वाढतं.

आता कागदपत्रं. आधार चालत नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, मुलीचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी, हे आजच कपाट उघडून बघा. शिवाय भारतीयांना दर रात्री माणशी १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, मुलीला निम्मं. तुमचा हिशेब पाच रात्रींचा २७,००० होतो. ‘एवढे कशाला?’ असं नवरा म्हणेल. इतर देशांतल्या पाहुण्यांना रात्रीचे १०० डॉलर पडतात, हे ऐकल्यावर गप्प बसेल. गर्दी नको, मोजके पाहुणे बरे, हे त्यांचं उघड धोरण आहे. न्गुलत्रुम (भूतानचं चलन) आणि रुपया एकाच भावाचे, त्यामुळे आकडेमोड नाही. घड्याळ तेवढं अर्धा तास पुढे करा.

आता वाघिणीचा मठ. त्याचं नाव पारो ताकसांग, पारो गावाजवळ आहे. भूतानमध्ये बौद्ध धर्म नेणारे गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले अशी श्रद्धा, मठ १६९२ मध्ये बांधायला घेतला, १९९८ ला जळाला, पुन्हा उभा केला. उंची ३१२० मीटर. खालून वर जायला दोन-तीन तास, तेही धडधाकट माणसाला. अर्ध्या वाटेवर चहाचं ठिकाण आहे, तिथपर्यंत घोडा मिळतो. उतरताना मात्र घोडा नाही. त्यानंतर सातशेच्या घरात पायऱ्या, आधी दरीत उतरायच्या, मग धबधब्याजवळून पुन्हा चढायच्या. माझं स्पष्ट मत : सासरे रोज तासभर चालत असतील, गुडघे ठीक असतील आणि पारोत दोन दिवस राहून झालं असेल, तरच जावं. नाहीतर सासू-सासऱ्यांनी चहाच्या ठिकाणी बसावं. समोर कड्याला चिकटलेला मठ तिथून पूर्ण दिसतो. मी एकदा नवीन बुटांत चढले आणि अंगठ्याचं नख काळं करून आले. त्यामुळे फुशारकी मारत नाही.

आत जाताना फोन, कॅमेरा, पिशव्या सगळं बाहेर ठेवावं लागतं. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, टोपी काढलेली. मणी-चक्रं, म्हणजे प्रार्थनेची चक्रं, फिरवताना आणि प्रदक्षिणा घालताना उजवी बाजू आत. एप्रिल आहे तर पारोच्या त्सेचूची, म्हणजे तिथल्या धार्मिक उत्सवाची, तारीख बघून ठेवा, तिथीनुसार मार्च-एप्रिलमध्ये येतो. शेवटच्या दिवशी पहाटे देवाचं चित्र असलेला भलामोठा कापडी पट उलगडतात आणि ऊन पडायच्या आत गुंडाळून ठेवतात. म्हणजे तीन-साडेतीनला उठणं आलं. यात सासरे तुम्हाला हरवतील, म्हातारी माणसं तशीही जागीच असतात.

जेवणात एमा दात्शी म्हणजे मिरचीचीच भाजी, चीज घालून. मिरची तिथे मसाला नसून भाजी असते. ‘मला तिखट चालतं’ असं घरातलं कुणी म्हणालं, तर त्याला पहिला घास घेऊ द्या आणि पाणी जवळ ठेवा. सासूबाईंना बटाट्याची केवा दात्शी सांगा. लोण्याचा खारट चहा पुढे आला, तर तो चहा आहे हे विसरून सूप म्हणून प्या. कप पुन्हा भरायला आले की हात आडवा धरा, नाहीतर भरतच राहतात.